वाकळेतला गव्हर्नर

सिनूच्या शेडमध्ये मी सहसा जात नाही. सिनू म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, श्रीनिवास. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्याचे टॉवेलचे माग आहेत, आणि कोपऱ्यात एक जेकार्डचा माग आहे. त्यावर तो भिंतीला लावायच्या तसबिरी विणतो. गणपती, मोर, साठीच्या समारंभासाठी कुणाचे वडील, आणि निवडणुका जवळ आल्या की पुढारी. परवा तो डबा घरीच विसरला, त्याच्या बायकोनं तो माझ्या हातात दिला, म्हणून गेले.

दारातच खळीचा आंबूस वास आला. त्यामागून तेलाचा, आणि मग नाकात जाऊन बसणाऱ्या सुताच्या भुसकटाचा. मागांचा आवाज कानांनी ऐकावा लागत नाही, तो पायांतून वर चढतो. मी डबा धरून उभी राहिले आणि क्षणभर कुठल्या देशात आहे तेच कळेना.

"आत्या, ये की! बघ, साहेब छातीपर्यंत आलेत," सिनू ओरडून म्हणाला.

मागावर एक पुढारी अर्धा विणून झाला होता. पांढरा सदरा, जाकीट, आणि लोकांना दाखवायला वर केलेल्या हाताचं कोपर. अजून हनुवटी यायची होती. आजूबाजूला चार माणसं निवांत काम करत होती आणि मी एकटी घाबरले होते.

"हात कुठला वर केलाय रे ह्यानं?"

"आँ?"

"हात. उजवा का डावा?"

सिनू हसला. "आता कोण चुकतंय त्यात? कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की फोटो उलटा होतो." पण हसता हसता त्यानं हळूच खाली वाकून कापडाची खालची बाजू बघितली. "उद्या सकाळी न्यायचंय. साहेबांना आवडलं न्हाय तर माझं काय खरं न्हाय बघ."

त्याच्या कपाळावर तीच आठी होती. माझ्या वडिलांच्या कपाळावरची.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, विणकराच्या घरचे, घरात तेलुगू आणि दाराबाहेर मराठी. नाना आणि अम्मा आमच्याशी तेलुगूत बोलायचे. एकमेकांशी भांडायचं झालं की मात्र दोघं मराठीत यायचे. का ते मला अजून समजलेलं नाही. नाना इथल्या मिलमध्ये चादरींची नक्षी काढायचे. मोठ्या चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं, त्या घरांवरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठे एकमेकांना बांधून मागावर चढवायचे, मग माग ती भोकं वाचत वाचत फूल विणतो. हे काम येणारी माणसं तेव्हा बाहेरदेशी हवी असत. मी दहा-अकरा वर्षांची असताना नाना आम्हाला घेऊन नायजेरियाच्या उत्तरेला, एका कापडमिलच्या गावी गेले.

लोक विचारतात, आफ्रिका कशी होती? मी म्हणते, सोलापूरसारखी. त्यांना वाटतं मी थट्टा करतेय. पण तिथलं ऊन आपल्यासारखंच होतं, डोक्यावर बसणारं. मिलच्या कॉलनीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कडुनिंब होते. बाजारात ज्वारी मिळायची, थोडी तांबडट, पण भाकरी थापली की थापली जायची. शेंगदाण्याच्या तर राशी. अम्मानं पहिल्याच आठवड्यात तिथल्या लाकडी उखळात शेंगाचटणी कुटली, आणि शेजारच्या बायका वासानं गोळा झाल्या. पहिले काही महिने आम्हाला परदेश असा वाटलाच नाही. परदेश वाटायला लागला तो गव्हर्नरसाहेबांमुळे.

तिथे तेव्हा लष्कराचं राज्य होतं. का होतं, कसं आलं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि नंतर मी विचारलं नाही. आपल्याकडे जसा कलेक्टर, तसा तिथे प्रत्येक राज्याला एक लष्करी गव्हर्नर. आमचा गव्हर्नर तरुण होता, उंच, काळा चष्मा घालणारा. त्याचा फोटो शाळेत होता, पोस्टात होता, मिलच्या फाटकावर होता, डबलरोटीच्या दुकानात पिठाच्या पोत्यांवर टेकवलेला होता. त्याची कारकीर्द मला फोटोंवरूनच आठवते. पहिल्या फोटोत तो हसत होता. त्याच वर्षी रस्त्यावर डांबर पडलं आणि आमच्या नळाला पाणी आलं. दुसऱ्या फोटोत हसू गेलं आणि छातीवर बिल्ले आले. तेव्हा तो सकाळी अचानक कचेऱ्यांत शिरायचा, फाटक लावून घ्यायचा, आणि उशिरा आलेल्या कारकुनांना भर उन्हात गवत उपटायला लावायचा. आम्ही शाळेतून येताना पाहिलंय, इस्त्रीच्या पॅन्टा घातलेले बाप्ये उकिडवे बसलेले. साखर दडवणाऱ्या एका दुकानदाराला त्यानं त्याच्याच दुकानापुढे दिवसभर उभं केलं होतं. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या फोटोत तो हात कपाळाला लावून सलाम करत होता, आणि तोवर त्याच्यामागे एका गाडीऐवजी गाड्यांची रांग असायची. त्या गाड्यांचा भोंगा ऐकू आला की बाजारातल्या बायका मुलांना पाठीशी घ्यायच्या. टाळ्या आता कुणी वाजवत नव्हतं.

माझ्या वाट्याला तो एकदाच आला. शाळेच्या खेळांत मला लिंबू-चमच्याचं बक्षीस त्याच्या हातून मिळालं. त्याच्या हातात पांढरा मोजा होता. त्यानं वाकून विचारलं, "तू कुठली?" मी म्हणाले, "सोलापूर." तो म्हणाला, "हे कुठं आलं?" मी बक्षीस छातीशी धरून पळाले. घरी येऊन मी रडले. आपल्याला पकडून नेतील असं मला वाटत होतं. घाबरट मी तेव्हापासूनच.

गव्हर्नरसाहेब मिलला भेट देणार असं ठरलं, आणि मॅनेजरच्या डोक्यात आलं की साहेबांना त्यांचीच विणलेली तसबीर भेट द्यायची. गालिच्याएवढी. मिलमध्ये कुणी असलं काम केलेलं नव्हतं. नाना म्हणाले, "करतो." सोलापूरच्या माणसाचा तो मान होता. घरी येऊन सांगताना ते आरशापुढे उभे राहून उगाचच केस विंचरत होते.

मग घरभर गव्हर्नर झाला. जेवायच्या टेबलावर चौकटीचा कागद, त्यावर एक भलामोठा कान. खुर्चीवर बिल्ले. पलंगावर बूट. पुठ्ठ्यांना भोकं पाडायला मिलमधले मालम उस्मान नानांच्या हाताखाली होते. मालम म्हणजे तिकडचे गुरुजी. वयस्कर, हडकुळे, गुडघ्यापर्यंत झगा, बोलणं हळू. ते दारात आले की "सन्नू, सन्नू" म्हणायचे, तो तिकडचा राम राम. ते गव्हर्नरच्या आईच्याच गावचे होते, पण त्याचा त्यांनी कधी तोरा मिरवला नाही. अम्मानं दिलेली भाकरी ते उजव्या हातानं घ्यायचे, डावा पाठीमागे ठेवून. तिकडे डाव्या हातानं काही देत नाहीत आणि घेतही नाहीत. आपल्याकडेही नाहीच, पण आपण विसरतो. तिकडे विसरत नाहीत.

मागावर माणूस पायांकडून विणला जातो. आधी बूट, मग पँट, पट्टा, छाती. चेहरा सगळ्यात शेवटी. तितके दिवस आपण कुणाला विणतोय ते कापडावर दिसत नाही. नाना संध्याकाळी घरी येऊन सांगायचे, "आज गुडघे झाले." अम्मा तव्यावरून मान न वळवता विचारायची, "उठून चालत तर न्हाय ना आला अजून?" मला ती थट्टा आवडायची नाही. रस्त्यावरून भोंगा गेला की माझा घास थांबायचा.

पूर्ण झालेलं कापड मागावरून उतरलं त्या दिवशी अम्मा आणि मी नानांचा डबा घेऊन मिलमध्ये गेलो होतो. नाना आणि मालम उस्मान यांनी ते दोन बाजूंनी धरून उंच केलं. मला अजून दिसतं ते. रुंद खांदे, काळा चष्मा, एकेक बिल्ला वेगळा. खरोखर तो समोर उभा होता. मी अम्मामागे लपले.

अम्मा बराच वेळ बघत राहिली. तीही विणकराच्याच घरची. मग ती मराठीत म्हणाली, "अवो, हे डाव्या हातानं सलाम घालतंय की."

नानांनी कापडाकडे पाहिलं. स्वतःचा उजवा हात कपाळाला लावला. मग डावा लावला. मग हळूच खाली टाकला.

ही चूक फक्त सोलापूरचा माणूस करू शकतो. आमची चादर दुपदरी असते, तिला खरं तर उलटी बाजू नसतेच. एकीकडे जे पांढरं ते दुसरीकडे काळं, एवढाच फरक. विणताना चांगली बाजू खाली ठेवतात. म्हणजे कागदावर चित्र आरशातल्यासारखं काढायला हवं. पण नानांनी जन्मभर काय काढलं होतं? फुलं, वेली, तोंडाला तोंड लावलेले मोर. डावा मोर उजवीकडे गेला म्हणून कुणाचं काय बिघडतं? सवयीनं त्यांनी फोटो जसाच्या तसा उतरवला होता.

मालमनी कापड फिरवलं. दुसऱ्या बाजूला हात बरोबर उजवा होता. पण तिकडे रंग पालटलेले. गव्हर्नरचा चेहरा पांढराफटक, चष्मा पांढरा, ओठ पांढरे. भुतासारखा दिसत होता.

नवीन पुठ्ठे करायला कित्येक आठवडे लागले असते. ताण्याचे उभे धागे उतरवून रंग बदलायचा तरी तेच. भेट तर आठवड्यावर आलेली. नानांनी मॅनेजरला सांगितलं नाही. मॅनेजर लांबून बघून "फाइन, फाइन" म्हणाला होता. आमचे पासपोर्ट मिलच्या तिजोरीत होते. साखरेच्या दुकानदाराचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यानं तर गव्हर्नरची टिंगल केलेली नव्हती. नाना जेवेनात. अम्मा त्यांच्यापुढे ताट ठेवायची आणि उचलायची. मी शाळेतून आले की आधी दारातल्या चपला बघायची, नानांच्या आहेत ना. त्या असल्या की मगच आत जायची. सगळ्या बालपणातलं मला हे सगळ्यात स्पष्ट आठवतं, नानांच्या चपला. टाचेला झिजलेल्या.

"कुठली बाजू लावायची?" नानांनी मालम उस्मानना विचारलं होतं. ते घरी आले होते, हातातली चहाची कपबशी थंड होत चाललेली. मालम म्हणाले, "डावा हात दिसला तर शिपाई चिडतील. पांढरं तोंड दिसलं तर लोक हसतील. शिपायांचं मी सांगू शकतो. लोक हसले तर हा माणूस काय करील ते मला सांगता येणार नाही."

अम्मा दारात उभी होती. तिला इंग्रजी जेमतेम यायचं, पण तिला कळलं. ती नानांना म्हणाली, "तोंड त्याचं त्याला ऱ्हाऊ द्या. आपलं तोंड कुणी असं पांढरं करून भिंतीला टांगलं तर? हात काय, चुकतो माणसाचा."

नानांनी डावा हात दिसणारी बाजू पुढे लावली.

भेटीच्या दिवशी आम्ही सगळे मिलच्या पटांगणात मांडवाखाली बसलो होतो. अम्मानं इरकली साडी नेसलेली, माझ्या वेणीत रिबीन. भाऊ अम्माच्या मांडीवर. समोर भिंतीवर तसबीर, तिच्यावर निळा पडदा, पडद्याची दोरी मॅनेजरच्या खुर्चीशी. नाना कामगारांच्या रांगेत पहिले उभे होते. ऊन चढत गेलं. माग बंद होते, आणि बंद मागांच्या मिलमध्ये इतकी शांतता असते की कावळा छपरावर चालला तरी ऐकू येतं. मी मनात म्हणत होते, भोंगा नको वाजू दे, भोंगा नको वाजू दे.

वाजला नाही. गव्हर्नर आलाच नाही. मालम उस्मान रांगेच्या टोकाला ट्रान्झिस्टर कानाला लावून उभे होते. त्यांनी तो हळूहळू कानापासून दूर केला, आणि आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं, बँड वाजत होता. नुसता बँड. मग एक अनोळखी आवाज. वर राजधानीत एका फौजीला काढून दुसरा फौजी बसला होता, आणि सगळ्या राज्यांचे गव्हर्नर त्या सकाळपासून गव्हर्नर राहिले नव्हते.

नाना हसायला लागले. आधी हळू, मग त्यांना थांबताच येईना. ते खाली बसले, डोकं गुडघ्यात घालून हसत राहिले. मॅनेजर त्यांच्याकडे बघतच राहिला. अम्मानं जाऊन त्यांचा दंड धरला आणि म्हणाली, "पुरे. त्याचंही कुणी असंल की घरी." तेव्हा ते थांबले.

मला वाटलं, आता संपलं. भीती मात्र संपली नाही, नुसती पालटली. आता सगळीकडचे फोटो उतरवायचा हुकूम आला. शाळेच्या भिंतीवर फोटोच्या जागी एक स्वच्छ चौकोन उरला. डबलरोटीवाल्यानं फोटोची चौकट राखून नव्या गव्हर्नरचा फोटो मागवला. जुन्या गव्हर्नरला म्हणे त्याच्याच घरात कोंडलं होतं. त्यानं किती पैसे खाल्ले, कुणी त्याला काय दिलं, हे विचारत शिपाई फिरू लागले. मिलच्या मॅनेजरनं नानांना बोलावून सांगितलं, "ते कापड इथून आजच्या आज हलव. ते मी कधी पाहिलेलं नाही."

नाना ते सायकलला बांधून, वर चिंध्यांचं गाठोडं ठेवून घरी घेऊन आले. कॉलनीच्या फाटकावर आता शिपायांची चौकी बसली होती. त्यांनी नानांना थांबवलं नाही. घरात आल्यावर नाना दाराला पाठ लावून उभे राहिले, आणि त्यांचा सदरा ओला झाला होता.

"जाळून टाका," अम्मा म्हणाली.

नाना काडेपेटी घेऊन मागच्या अंगणात गेले. तसेच परत आले. "माझ्याच्यानं व्हत न्हाय," म्हणाले.

मग अम्मानं काय केलं तर वाकळ शिवली. आपल्याकडे जुन्या लुगड्यांच्या थरांची शिवतात तशी. खाली तिची जुनी साडी, वर तिची जुनी साडी, मध्ये घडी घातलेला गव्हर्नर. दुपारी पडदे लावून ती टाके घालायची, आणि मी खिडकीशी बसून रस्त्यावर लक्ष ठेवायची. त्या देशात हिवाळ्यात वाळवंटाकडून धुळीचा वारा येतो. आभाळ पांढुरकं होतं, ओठ फुटतात, पहाटे हुडहुडी भरते. त्या हिवाळ्यात मी आणि माझा भाऊ एका राज्याचा गव्हर्नर पांघरून झोपलो. भावाला अंथरुणात करायची खोड होती. अम्मा वाकळ उन्हात टाकताना इकडेतिकडे बघायची आणि मग तिला हसू फुटायचं. त्या सगळ्या महिन्यांत तिला हसताना मी तेवढ्याच वेळा पाहिलं.

आता आमचं सगळं लक्ष एका गोष्टीकडे होतं. नानांचा करार संपेपर्यंत काही होऊ नये, पासपोर्ट मिळावेत, सगळ्यांनी मिळून घरी जावं. अम्मा देवापुढे एवढंच म्हणायची. आणि तशात एका दुपारी मालम उस्मान आले. ते नेहमीसारखं "सन्नू" म्हणाले नाहीत. त्यांच्यामागे एक उंच माणूस होता, साधा पांढरा झगा, टोपी, पायांत रबरी सपाता. त्यानं सपाता दाराबाहेर काढल्या. आत आला तेव्हा मी ओळखलंच नाही. काळ्या चष्म्याशिवाय त्याचे डोळे बारीक होते, खाली फुगलेले. नाना मात्र ताडकन उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून सवयीनं निघालं, "सर."

"सर राहिलेलो नाही आता," तो म्हणाला. त्याला एका दिवसापुरतं सोडलं होतं, हुद्दा काढून, घर काढून. खुर्चीवर तो टेकून बसला नाही. अम्मानं पाणी दिलं, ते सगळं पिऊन त्यानं पेला हातातच ठेवला.

"माझी आई गावाकडं असते," तो म्हणाला. "तिला दिसत नाही. बरीच वर्षं झाली. मी घरी गेलो की माझ्या तोंडावरून हात फिरवते, तेव्हा तिला मी आलो असं वाटतं. आता ती अंथरुणाला खिळली आहे, आणि मला तिकडे जायची बंदी आहे, उद्या दुसरीकडे नेणार आहेत. कुठे ते सांगत नाहीत. फोटोचा तिला काही उपयोग नाही, कागद गुळगुळीत लागतो. उस्मान म्हणतो, तुम्ही मला विणलं आहे. विणलेल्याच्या कडा बोटांना लागतात."

बाहेर भाऊ टायर फिरवत होता. नाना मालम उस्मानकडे पाहत नव्हते, अम्माकडे नव्हते, माझ्याकडे नव्हते.

"ते पुरं झालंच नाही, सर," नाना म्हणाले. "मध्येच थांबवलं. तोडून टाकलं."

त्यानं मान हलवली. राग नाही, काही नाही. ज्यानं वर्षानुवर्षं लोकांना खोटं बोलायला लावलं त्याला खोटं ओळखू आलं असेल, असं मला आता वाटतं. तो उठला, पेला जपून टेबलावर ठेवला, "पाणी चांगलं होतं," म्हणाला. सपाता घालायला त्याला वेळ लागला. मग तो आणि मालम कडुनिंबांखाली उभ्या केलेल्या एका जुन्या टॅक्सीकडे गेले.

अम्मा तशीच भिंतीला टेकून उभी होती. "आई हाय वो त्याची," एवढंच म्हणाली. तेही नानांना नव्हे, स्वतःशीच.

नाना आत गेले. मला वाटलं, झोपायला गेले. पण ते वाकळ घेऊन बाहेर आले, अख्खी वाकळ, एक कोपरा जमिनीवर लोळत. आणि अनवाणी धावत सुटले. नानांना धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. टॅक्सी तोवर फाटकापाशी पोचली होती, आणि फाटकावर शिपाई होते.

अम्मानं मला मागे ओढलं, पण मी व्हरांड्याच्या खांबाला धरून राहिले. सगळं दिसत होतं आणि एक शब्द ऐकू येत नव्हता. शिपायांनी टॅक्सीची डिकी उघडली होती. नाना वाकळ पुढे करत होते, गावाकडे हात दाखवत होते, अंगावर पांघरल्याचं सोंग करत होते. म्हातारी, थंडी, असं काहीतरी. एका शिपायानं नानांचा दंड धरला. दुसऱ्यानं वाकळ घेतली. झटकली. उलटीपालटी केली. टाके चाचपायला तोंडाजवळ नेली, आणि तोंड वाकडं करून ती झटक्यात टॅक्सीच्या खिडकीतून आत फेकली. माझ्या भावानं आदल्या रात्रीच आपलं काम केलं होतं. सगळे शिपाई हसले. टॅक्सी गेली. पहिल्यानं मात्र नानांचा दंड सोडला नव्हता.

अम्माच्या तोंडून तेव्हा एक आवाज निघत होता, गुणगुणल्यासारखा, तिचं तिलाही माहीत नसावं. ती माझ्या खांद्यात बोटं रुतवून उभी होती. मला वाटलं, आता नेतात. आता आम्ही तिघंच सोलापूरला जाणार. मला सोलापूरचं आमचं घर दिसलं आणि त्यात नाना नव्हते.

मग शिपायानं हात सोडला. नाना परत आले, हळूहळू, पायांत काटे असल्यासारखे. खरंच होते. अम्मानं त्यांना पायरीवर बसवलं आणि सुईनं एकेक काटा काढला, आणि काढता काढता मराठीत शिव्या दिल्या, अशा शिव्या मी तिच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या. शेवटचा काटा निघाल्यावर तिनं त्यांचा पाय मांडीवरच ठेवला आणि रडायला लागली.

पुढे नानांना कुणी काही विचारलं नाही. पण प्रत्येक दिवशी आम्ही वाट पाहिली. भोंगा आता दुसऱ्या गव्हर्नरचा होता, आवाज तोच. मालम उस्मान काही आठवड्यांनी आले, त्यांनी सांगितलं की म्हातारीनं वाकळेची एक कड दातांनी उसवली आणि आत हात घातला. आधी तिला कान सापडला म्हणे. मग तिनं हात बाहेर काढलाच नाही. मुलाचं पुढे काय झालं ते मालमना ठाऊक नव्हतं. आम्हालाही कधी कळलं नाही. पुढच्या वर्षी आम्ही चौघं घरी आलो. सोलापूर स्टेशनवर उतरल्यावर नाना आधी चहा प्याले आणि मग म्हणाले की त्यांना भूक लागली आहे. नंतर जन्मभर त्यांनी फुलं काढली, वेली, मोर. चेहरा कधी नाही. आता नाना नाहीत, अम्माही नाही. माझा भाऊ, सिनूचा बाप, गव्हर्नरची गोष्ट निघाली की अजून लाजतो.

सिनूच्या मागावर पुढाऱ्याची हनुवटी आली होती. मग ओठ आले, हसरे. गव्हर्नरसाहेबांच्या पहिल्या फोटोतल्यासारखा होता तो अजून. सिनू डबा न उघडता मागापाशी उभा होता. डोळे येईपर्यंत त्याला जेवण जाणार नव्हतं, आणि मलाही तिथून हलवेना.

"सिनू," मी म्हणाले, "हे झालं की असंच आणखी एक विण. आणि ठेवून दे तुझ्यापाशी."

"कशाला? ह्यांनी एकच सांगितलंय."

"ह्यांच्यासाठी न्हाय रे. ह्यांना आई आहे का?"

"असंल की. मला काय ठाऊक?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, मागाचं बटण बंद केलं. शेडमधला एक आवाज कमी झाला. "आत्या, काय झालं? का रडतीस?"

"मागायला येईल कुणीतरी," मी म्हणाले. "आज न्हाय. सगळे फोटो उतरले की."